नरम कापडाच्या रेघा

भिलाई, सेक्टर ६
५ सप्टेंबर १९७६

जागेश्वरा,

तुम्ही दोघे खुशाल असाल असे धरून चालतो. कवडूकाका इकडे लेकीकडे आले होते. ते उद्या उमरेडला परत निघतील. वाटेत नागपूरला तांडापेठेत तुझ्या घरी उतरून ते एक काळी पेटी तुझ्या हातात देतील. तुझ्याच हातात, शेजाऱ्याच्या नाही. काकांना मी सांगून ठेवले आहे की आत देव आहे. त्यांनी विचारले, "कोनता देव गा?" मी म्हटले, न शिवायचा देव.

तुला ठाऊकच आहे आत काय आहे ते. सन पन्नासचा प्रूफ संच, बाजारात चालवायला नाही, जपून ठेवायला पाडलेला. रुपयापासून पैशापर्यंत सात नाणी, सिंहाच्या छापाची पहिलीच. गोंदियाच्या म्हाताऱ्या वकिलांनी मला देताना ज्या पेटीत दिली, ती पेटीही तीच आहे. आत निळी मखमल, सात खोबणी, वर काचेचे झाकण. पुस्तकासारखी उघडून टेबलावर उभी राहते. सव्वीस वर्षांत त्या नाण्यांना कोणाचे बोट लागलेले नाही. वकिलांचे नाही, माझे नाही, आणि तुझ्या रुखमावहिनीचे तर नाहीच. तिला मी चार हात लांबून दाखवतो.

धंतोलीच्या डॉक्टरांकडे रविवारी तुमची नाणेवाल्यांची बैठक भरते, तिथे तू कडेच्या बाकावर बसतोस, असे मागे लिहिले होतेस. ते मला बरे वाटले नव्हते. दहा ऑक्टोबरच्या प्रदर्शनात ही पेटी मांड आणि मधल्या खुर्चीवर बस. तुझा एकोणसत्तरचा संच शेजारी ठेव.

सूचना एकच. काच उघडायची नाही. नाणे आरशासारखे आहे, आणि घाम सगळ्यांच्याच बोटाला असतो, अगदी देवमाणसाच्याही. तू चुलतभाऊ असलास तरी सख्ख्या धाकट्याला देतो तसे देतो आहे.

शालिकराम

•

तांडापेठ, नागपूर
२१ सप्टेंबर १९७६

दादा, तुम्हाला आणि रुखमावहिनींना वाकून नमस्कार.

पेटी मिळाली. काका ती मांडीवर घेऊन आले आणि चहा घेईपर्यंत मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. मी पेटी उघडून काचेतून पाहिले. रुपयाच्या मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या आहेत, त्यांचे कूसही मोजता येते. मी सतराव्या वर्षापासून मागावर बसतो, बारीक काम मला कळते. इतके बारीक काम मी कधी पाहिले नाही.

अनुसयेने लांबूनच हात जोडले. "माह्या ट्रंकेत लुगड्याखाली ठेवा जी, कोनाची नजर नको," म्हणाली. तिथेच ठेवली आहे.

डॉक्टरांना सांगितले. त्यांचा विश्वासच बसेना. "तुमच्याकडे? पन्नासचा?" असे दोनदा विचारले. बैठकीत एक वकील आहेत, एक कॉलेजचे प्राध्यापक आहेत, आणि मी आहे. मला सगळे "विणकर" म्हणतात. वाईट अर्थाने म्हणत नाहीत, पण नावानेही हाक मारत नाहीत. आता दहा तारखेला बघू.

आणखी एक आनंदाची गोष्ट. पंचफुलाच्या जयाचे जमले. मुलगा भंडाऱ्याचा, शाळेत मास्तर आहे. लग्न वैशाखात उमरेडला. पंचफुला माझी एकुलती बहीण, तेव्हा मामा म्हणून नवरी मांडवात मीच आणणार, आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे दागिन्यांचा डबा मामीच्या हाती. अनुसया आत्तापासून मोजते आहे की नवरीला आधी वाक्या घालायच्या की गोठ.

तुमचा
जागेश्वर

•

भिलाई
१८ ऑक्टोबर १९७६

जागेश्वरा, दहा तारीख होऊन आठ दिवस झाले आणि तुझे कार्ड नाही. टपाल खात्याने संप केला की तू? डॉक्टर काय म्हणाले, कोण कोण आले, कोणत्या खुर्चीवर बसलास, सगळे लिही. दिवाळीचा आशीर्वाद.

शालिकराम

•

तांडापेठ, नागपूर
२८ ऑक्टोबर १९७६

दादा,

कसे लिहू ते कळत नाही. लिहायला बसतो आणि उठतो.

प्रदर्शन चांगले झाले. पेटीसमोर गर्दी होती. डॉक्टरांनी भिंगातून पाहिले. त्या दिवसापर्यंत सगळे ठीक होते.

घात लक्ष्मीपूजनाला झाला. मी सूत आणायला इतवारीत गेलो होतो. अनुसयेने पूजेची मांडामांड केली. पेटी तिच्याच ट्रंकेत होती. तिला वाटले, घरात एवढी लक्ष्मी आहे, ती पाटावर बसवावी. खालचा पैसा तिला काळपट वाटला. तिने चिंच लावली, राख लावली, आणि चांदीची भांडी घासतो तशी सातही नाणी घासून काढली. मी आलो तेव्हा ती हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली होती.

दादा, तिने वाईट बुद्धीने केले नाही. बायकांची रीतच ती. मी तिला खूप बोललो. तुम्ही मला काय बोलायचे ते बोला, मी पेटी नीट ठेवायला हवी होती.

अपराधी
जागेश्वर

•

भिलाई
६ नोव्हेंबर १९७६

जागेश्वरा,

तुझे पत्र आले त्या दिवशी मी कारखान्यात रात्रपाळी घेतली, कारण घरी झोप येणार नव्हती. आता राग उतरला असे म्हणायला हरकत नाही, पण उतरलेला नाही.

नाणी पुन्हा होत नाहीत. चांदी वितळवून दुसरी पैंजणे होतात, प्रूफ नाणे एकदा घासले की तो चालता पैसा झाला. सव्वीस वर्षे एक वकील आणि एक फोरमन मिळून सात चकत्यांना जपत होते, आणि एका दुपारी चिंचेने काम आटोपले. तुला मी काही म्हणत नाही. तू घरात नव्हतास. पण अनुसयेला एवढेही समजू नये? तू तिला लांबून दाखवली होतीस, तिने हात जोडले होते, तूच लिहिलेस. मग ट्रंकेतून काढताना हात कसा नाही थरथरला?

कवडूकाका पुढच्या आठवड्यात परत इकडे येणार आहेत, त्यांच्याकडे पेटी दे. त्यांना सगळे सांगितले आहे. रुखमाने अनुसयेला वेगळे पत्र टाकले आहे. मी ते वाचले नाही, पण ती लिहिताना पेन फार दाबून लिहीत होती.

शालिकराम

•

तांडापेठ, नागपूर
१९ डिसेंबर १९७६

दादा,

पेटी पोचली असेल. वहिनींचे पत्र अनुसयेला मिळाले.

काकांनी उमरेडात सगळ्यांना सांगितले आहे. परवा बारशाला गेलो तर आत्याच्या सुना अनुसयेला हसून म्हणाल्या, "वैनी, भांडे घासाले बसा, पन पैशाले हात नोका लावू." सगळ्या हसल्या. अनुसयाही हसली. आता ती कुठे यायला तयार होत नाही. पंचफुलाने निरोप पाठवला आहे की लग्नात दागिन्यांचा डबा तिच्या धाकट्या जावेकडे राहील, वहिनीला उगीच ताण नको.

दादा, आता तुम्ही एवढे मनावर घेऊ नका. नाणी गेली ती गेली. कोणाकडे विषय निघाला तर टाळावा, एवढीच विनंती.

जागेश्वर

•

तांडापेठ, नागपूर
२ जानेवारी १९७७

भाऊजींस अनुसयेचा नमस्कार.

मी तुमच्यासमोर कधी बोलली नाही. तुमी आले की मी पदर घेऊन चुलीपाशी. आता पत्रात बोलून राहिली, चुकलं तर माफी असावी. माझी शाळा चौथीपर्यंतच हाय.

रुखमाबाईचं पत्र वाचलं. त्यायनं लिहिलं ते बरोबर हाय. नाणे मी घासले. तुमची वस्तू मोठी होती, मले समजलं नाही. तुमचे भाऊ घरी नव्हते. त्यायच्यावर राग ठेवू नका. ते तुमच्या नावानं नवं सूत सुरू करतात, देवाच्या आधी. तुमी त्यायले पत्र पाठवनं कमी केलं तर ते जेवत नाही बरोबर.

राग माझ्यावर ठेवा. मले चालते.

अनुसया

•

भिलाई
१२ जानेवारी १९७७

जागेश्वरा,

सोबत अनुसयेचे पत्र पाठवतो आहे. तुला न सांगता तिने लिहिले असावे. मी ते दोनदा वाचले आणि रुखमाला वाचून दाखवले. तिने पदर डोळ्याला लावला. कवडूकाका पुन्हा लेकीकडे आले आहेत, त्यांनाही तिने ते वाचून दाखवले. जिने चूक केली ती इतकी सरळ कबूल करते, एक शब्द बचावाचा लिहीत नाही, नवऱ्याला मात्र वाचवते. अशा बाईला मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला माझी लाज वाटली.

पेटी भिंगाखाली पाहिली. राखेने सातही नाण्यांवर बारीक रेघा उठल्या आहेत, सुतासारख्या सरळ. असो. मी आता तो विषय बंद केला. तू तिला सांग, मी, तिच्या भासऱ्याने, माफ केले. हे पत्र जपून ठेव, असे पत्र लिहिणारी बायको सगळ्यांच्या नशिबी नसते.

शालिकराम

•

तांडापेठ, नागपूर
३० जानेवारी १९७७

दादा,

त्या रेघा राखेच्या नाहीत. राखेने अशा सरळ रेघा उठत नाहीत. त्या कापडाच्या आहेत आणि कापड माझे आहे. नाणी मी घासली. अनुसयेने त्यांना बोटसुद्धा लावले नाही.

आता सगळे लिहितो. मध्येच थांबलो तर पुन्हा लिहिणे होणार नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी रस्त्यावर सुताचा ताणा पसरून भाताच्या पेजेची खळ लावत होतो. काम झाल्यावर हात धुतले. अनुसया पाणी आणायला गेली होती. मला वाटले उद्या सगळे पाहतील, एकदा आपण मनसोक्त पाहावे. पेटी काढली. काचेतून पाहिले. मग काच उघडली. दादा, आम्ही कोष्टी कापड डोळ्यांनी पाहतच नाही. अंगठा आणि तर्जनी यांत धरल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही. त्या ओंब्या खरेच उठल्या आहेत का, ते मी अंगठ्याने पाहिले. एवढेच. क्षणभर.

अंगठा उचलला तर रुपयाच्या छापाभोवतीच्या सपाट मैदानावर माझा पूर्ण ठसा. नखाखाली खळ राहिली होती. पांढरा डाग, प्रत्येक रेषेसकट.

मी घाबरलो, पण फार नाही. घरात शंभर नंबरी सुताचे, माझ्या हातचे धुतलेले कापड होते. तान्ह्या पोराचे अंग पुसावे इतके नरम. म्हटले, याने काय होणार. तोंडाची वाफ दिली आणि पुसले. ठसा गेला. दारात उन्हाला धरून पाहिले तर मैदानभर रेघा. आणखी पुसले, आणखी रेघा. मग मी जे केले ते लिहायला हात धजत नाही. कापडाच्या थानात एक वीत वेगळी दिसली की आम्ही सगळे थान त्याच रंगावर आणतो. एक रुपया वेगळा दिसू नये म्हणून मी बाकीची सहाही नाणी त्याच कापडाने पुसली. सगळी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंग लावले आणि मोठ्याने विचारले, "हे कोणी घासलं?" वकील, प्राध्यापक, त्यांच्या घरच्या बायका, सगळे पाहत होते. मी म्हटले, माहीत नाही. त्यांनी पेटी टेबलावरून काढून माझ्या हातात दिली. मी सायकलवर घरी आलो. प्रदर्शन चांगले झाले असे तुम्हाला लिहिले ते खोटे. मधल्या खुर्चीवर काय, मी बाकावरही बसलो नाही. तेव्हापासून रविवारी जात नाही.

अठरा दिवस मी विचार केला की तुम्हाला काय लिहू. तुमचे कार्ड आले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अनुसया बुधवारीच्या बाजारात गेली आणि मला सुचले. मी स्वयंपाकघरातून चिंच घेतली, राख घेतली, आणि खालच्या तांब्याच्या पैशाला लावून तो लाल केला. हळदकुंकू लावले, पुसले. पुरावा तयार केला. संध्याकाळी अनुसया चिंचेचा गोळा शोधत होती. "आत्ताच तर ठेवला होता इथं," म्हणत होती. मी म्हटले, उंदीर असेल.

वहिनींचे पत्र आले तेव्हा मी मागावर होतो. तिने दारात बसून बोट फिरवत वाचले. मी ठोके मोजत होतो, वाचून कधी होते म्हणून. मग ती म्हणाली, "म्या घासले म्हनून तुमी लिहलं का जी?" मी धोटा थांबवला नाही. पुन्हा म्हणाली, "काहून?" मी म्हटले, "दादाचा राग तुह्यावर चार दिवस राहीन. माह्यावर जनमभर." ती उठली आणि भात टाकला. त्या दिवसानंतर तिने मला एकदाही विचारले नाही.

तिने तुम्हाला लिहिले हे मला तुमच्या पाकिटातून कळले. मी ते तिच्यापुढे धरले. म्हणाली, "तुमी तर लिहून बसले. आता मी नाही म्हनलं तर दोघंई खोटे. एक तरी खरा दिसू द्या." तो खरा म्हणजे मी.

तुम्ही तिला माफ केले असे लिहिले आहे. तो निरोप मी तिला देऊ शकत नाही. माझे तोंड नाही. मी तुमच्या घराची पायरी चढायच्या लायकीचा नाही, आणि तिच्या हातचे जेवतो रोज.

जागेश्वर

•

भिलाई
१४ फेब्रुवारी १९७७

जागेश्वर,

पत्र मिळाले. वाचून दहा दिवस ठेवून दिले.

नाण्यांचे दुःख माझे, ते मी पाहीन. अंगठा लागला असता आणि तू त्याच दिवशी कार्ड टाकले असते, तर चार शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. ते तुला ठाऊक होते. तरी तू बायको पुढे केलीस.

मला कबुली देऊन काय उपयोग? माझी गेली ती सात नाणी. तिचे नाव गेले ते उमरेडात, बारशाला, पंचफुलाच्या घरात. जिथे गेले तिथे बोल. वैशाखात आमच्या भट्टीची मोठी दुरुस्ती आहे, मला सुट्टी मिळणार नाही, नाही तर मी समोर बसून ऐकले असते. रुखमाने अनुसयेला पत्र टाकले आहे. त्यात तिने काय लिहिले ते मी याही वेळी वाचले नाही, पण या वेळी ती पेन दाबत नव्हती.

बोललास की कळव. त्याआधी लिहू नकोस.

शालिकराम

•

तांडापेठ, नागपूर
५ मे १९७७

दादा,

बोललो. म्हणून लिहितो आहे.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात सगळे जमले होते. उमरेडचे, पवनीचे, नागपूरचे मिळून शंभर माणूस असेल, सगळे आपलेच विणकर. अनुसया मागे बायकांत कोपऱ्यात बसली होती. धाकट्या जावेच्या मांडीवर दागिन्यांचा डबा होता. पानसुपारी फिरत होती तेव्हा मी उभा राहिलो. म्हटले, मला एक सांगायचे आहे. लोकांना वाटले आहेराचे काही असेल.

मी सगळे सांगितले. अंगठा सांगितला, खळ सांगितली, कापड सांगितले, चिंच मीच लावली तेही सांगितले. म्हटले, माझ्या बायकोने त्या नाण्याला हात लावलेला नाही, मी भावाला खोटे लिहिले आणि सहा महिने तुम्ही तिला हसलात, ते मी पाहत राहिलो.

मग कवडूकाका हसले. "काहीतरीच सांगून राहिला बाप्पा हा! शंभर नंबरी कापडानं नाण्यावर रेघा पडन? आपन काय काथ्या विनतो का?" त्यावर सगळा मांडव हसला. एक म्हातारा म्हणाला, "माह्या कापडानं मी आरसा पुसतो गा चाळीस वर्सं झाले. एक रेघ दाखव." दुसरा म्हणाला, "कापड नरम असते, रेघ राखेनंच पडते. लेकरू सांगन." मी ओरडून सांगितले की पडते, मी उन्हात पाहिली आहे, दादाने भिंगातून पाहिली आहे. जितके ओरडलो तितकी त्यांची खात्री होत गेली. दादा, शंभर कोष्ट्यांपुढे मी उभा राहून म्हणत होतो की आपल्या कापडाने नाणे खराब होते, आणि हे त्यांच्यातल्या एकालाही पटणे शक्य नव्हते. मलाच कुठे पटले होते?

मग काका उठले. डोळे पुसत म्हणाले, "त्या पोरीनं सवता लिहून देल्लं हाय भिलाईले, म्या घासले म्हनून. रुखमानं मले वाचून दाखवलं. आन हा नवरा पाहा! बायकोची अब्रू राखाले एवढ्या लोकाईत सवताले चोर म्हनून राहिला. असा मानूस हाय का कोनाच्या घरात?" बायका रडायला लागल्या. पंचफुलाने येऊन माझ्या पायावर डोके ठेवले. काकांनी आपला फेटा उतरवून माझ्या डोक्याला बांधला. मी दोनदा काढला, त्यांनी दोनदा बांधला. कोणीतरी म्हणाले, मोडला तरी माणूस वाकत नाही बघा.

आणि पंचफुलाने तो डबा उचलून अनुसयेच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "घे वं वैनी. एवढा मोठा मानूस तुह्यापाठी उभा हाय, आता मी काय मनात ठेवू? झालं गेलं माफ केलं तुले."

दादा, तिला माफ केले. शंभर लोकांत.

दुसऱ्या दिवशी मी मामा म्हणून जयाला मांडवात आणले. अनुसयेने तिला आधी वाक्या घातल्या, मग गोठ. एकही मणी इकडचा तिकडे झाला नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईने तिला सांगितले की तुझे नशीब मोठे. ती मान डोलवत होती.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. उमरेड मागे पडल्यावर मी म्हटले, मी पुन्हा सांगीन, एकेकाच्या घरी जाऊन सांगीन. ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "खोटं सांगाले तुमाले एक पत्र पुरलं. खरं सांगाले आता जलम पुरत नाही. राहू द्या." मी तरी गेलो. गेल्या आठवड्यात पाच घरी गेलो. तीन घरी चहा झाला, एका घरी म्हातारीने माझी दृष्ट काढली.

तुम्ही पंचफुलाला लिहावे असे आधी मनात आले होते. आता वाटते नको. म्हणतील, दोघेही भाऊ मोठ्या मनाचे.

हे लिहीत असताना अनुसया पलीकडे सुताच्या कांड्या भरत बसली आहे. मी तिला विचारले, दादांना तुझ्याकडून काय लिहू? तिने चरखा थांबवला नाही. म्हणाली, "लिहा, आमचे मालक मोठे सज्जन हायेत म्हना. सारं गाव म्हनते."

ती हसली नाही.

जागेश्वर